लोभ की तक्रार? यादवीवरचा एक गाजलेला पेपर श्रीलंकेच्या कसोटीवर

'गृहयुद्धांची कारणे आणि उपाय' असा विषय घेऊन तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलात, तर पहिल्या पानावर काय येणार हे बहुतेक ठरलेलं असतं. गरिबी, विषमता, धर्म, भाषा, परकी हस्तक्षेप, दुबळं सरकार. आणि शेवटी 'वरील सर्व घटक कारणीभूत आहेत' हे वाक्य. मग समितीतलं कोणीतरी शांतपणे विचारतं, "हे सगळं तर युद्ध न झालेल्या देशांतही होतं. मग तिथे का नाही झालं?" इथे भलेभले गडबडतात.

या प्रश्नाला तोंड द्यायला शिकवणारा एक पेपर आज वाचू या. पॉल कॉलिअर आणि अँके हॉफ्लर यांचा 'ग्रीड अँड ग्रिव्हन्स इन सिव्हिल वॉर', २००४ साली 'ऑक्सफर्ड इकॉनॉमिक पेपर्स'मध्ये आलेला. या विषयावर काम करायचं तर तो टाळता येत नाही. पण मला त्याचा सारांश द्यायचा नाहीये. सारांश तुम्हाला कुठेही मिळेल. मला तो एका देशासमोर ठेवून बघायचाय, कुठे टिकतो आणि कुठे अडतो ते.

आधी पेपरची बाजू नीट समजून घेऊ. टीका करायची असेल तर समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतकंच चांगलं मांडता आलं पाहिजे.

पेपर काय म्हणतो?

कॉलिअर-हॉफ्लर १६१ देश आणि १९६० ते १९९९ हा काळ घेतात. त्यात त्यांना ७९ यादवी युद्धं सापडतात. प्रश्न असा, की लोक बंड का करतात? दोन उत्तरं शक्य आहेत. एक, त्यांची तक्रार फार मोठी असते: विषमता, हक्क नाकारणं, वांशिक किंवा धार्मिक द्वेष. दोन, त्यांना बंड उभारायची संधी असते: पैसा मिळतो, लढायला तरुण स्वस्तात मिळतात, लपायला डोंगर असतात.

आता तक्रार मोजायची कशी? त्यांनी उत्पन्नातली विषमता, राजकीय हक्क, वांशिक आणि धार्मिक विविधता ही मापं घेतली. संधीसाठी कच्च्या मालाच्या निर्यातीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा, मुलग्यांचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण, अमेरिकेत स्थायिक झालेल्या त्या देशाच्या लोकांची संख्या वगैरे घेतलं. निष्कर्ष असा, की संधीची मापं युद्धाचा अंदाज बऱ्यापैकी देतात, तक्रारीची मापं फारसा देत नाहीत. तक्रारीच्या बाजूचं एकच माप थोडंफार तग धरून राहिलं, ते म्हणजे एका गटाचं संख्येनं वर्चस्व असणं.

या मांडणीचा मोठेपणा मान्य करा. 'लोक पिचले म्हणून पेटले' हे वाक्य आपण इतक्या सहज लिहितो, की ते तपासावं असं वाटतच नाही. पिचलेले लोक जगभर आहेत, युद्धं त्या मानाने थोडी. म्हणजे तक्रार आणि युद्ध यांच्यामध्ये काहीतरी आहे, आणि ते शोधलं पाहिजे. इतकं या पेपरने कायमचं शिकवलं.

हे घटपटाचे वाद नाहीत. कॉलिअर त्या काळात जागतिक बँकेच्या संशोधन विभागाचे संचालक होते. युद्धाचं कारण पैसा आणि संधी असेल तर उपाय एका प्रकारचे निघतात: हिऱ्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवा, परदेशातून येणारा निधी तोडा, आर्थिक वाढ करा. कारण तक्रार असेल तर राज्यघटना, भाषा कायदा, सत्तेची वाटणी यांकडे जावं लागतं. कारण चुकीचं ओळखलं तर औषध चुकीचं, आणि ते लाखो माणसांना घ्यावं लागतं.

एकच आकडा, दोन अर्थ

आता पहिली अडचण. आधीच्याच वर्षी, २००३ मध्ये, जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन यांचा पेपर 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू'मध्ये आला होता. १९४५ ते १९९९, १२७ युद्धं. त्यांनाही हेच दिसलं, की दरडोई उत्पन्न कमी असेल तर युद्धाची शक्यता वाढते आणि वांशिक विविधतेने फारसा फरक पडत नाही.

पण अर्थ काय लावला? कॉलिअर-हॉफ्लर म्हणतात, उत्पन्न कमी म्हणजे तरुणाला बंडात गेल्याने गमवावं लागतं ते थोडंच, म्हणून तो जातो. फिअरन-लेटिन म्हणतात, उत्पन्न कमी म्हणजे सरकार दुबळं. पोलीस नाहीत, रस्ते नाहीत, गावातली खबर लागत नाही, म्हणून बंड टिकतं. आणि तिसरा कोणी म्हणू शकतो, उत्पन्न कमी म्हणजे सरळ सरळ तक्रार.

एक व्हेरिएबल, तीन गोष्टी. रिग्रेशन तुम्हाला यातली कोणती खरी हे सांगत नाही. आर्थिक मापं काही तक्रारींचीही निदर्शक असू शकतात, हे कॉलिअर-हॉफ्लर यांनी स्वतःच सारांशात लिहिलंय. पेपर प्रसिद्ध झाला आणि ती ओळ मागे राहिली. पुढे गेलं ते 'लोभ' हे एकच नाव. तुम्ही मूळ पेपर वाचा असं मी वारंवार म्हणतो, ते यासाठी.

श्रीलंका समोर ठेवू

आता एक देश घेऊ. श्रीलंकेत १९८३ ते २००९ अशी २६ वर्षं युद्ध चाललं. १९८१ च्या जनगणनेत सिंहली सुमारे ७४ टक्के, श्रीलंकन तमिळ सुमारे १२.७, मुस्लिम सुमारे ७ आणि मळ्यांतले भारतीय तमिळ सुमारे ५.५ टक्के होते.

वांशिक विविधतेचा निर्देशांक तुम्ही स्वतः काढा, अवघड नाहीये. कुठलीही दोन माणसं उचलली तर ती वेगवेगळ्या गटांतली असण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. प्रत्येक गटाच्या वाट्याचा वर्ग करा, बेरीज करा, एकातून वजा करा. ०.५४८, ०.०१६, ०.००५ आणि ०.००३ यांची बेरीज ०.५७२. म्हणजे निर्देशांक सुमारे ०.४३.

आता विचार करा. हा आकडा १९५६ साली किती असेल? थोडाफार इकडे तिकडे, पण जवळपास तेवढाच. १९७२ साली? तेवढाच. पण या काळात देशात काय घडलं ते बघा. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं आणि आधीच्या घटनेतलं अल्पसंख्याकांचं संरक्षण देणारं कलम गेलं. त्याच सुमारास विद्यापीठ प्रवेशात भाषेनुसार वेगळे कट-ऑफ आले. वैद्यकीय शाखेसाठी ४०० पैकी सिंहली माध्यमाला २२९ आणि तमिळ माध्यमाला २५० गुण लागले. १९७६ मध्ये वट्टुकोट्टै इथे तमिळ पक्षांनी वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला. १९८१ मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे ९७ हजार पुस्तकांसह. जुलै १९८३ मध्ये वाघांनी १३ सैनिक मारले आणि कोलंबोसह देशभर तमिळांची कत्तल झाली.

इतकं सगळं घडत असताना तक्रारीचं माप मात्र ०.४३ वर बसून होतं. कारण ते माप तक्रार मोजतच नव्हतं, ते लोकसंख्येची मिसळण मोजत होतं. तक्रार मिसळणीतून येत नाही. त्या मिसळणीचं सरकार काय करतं, त्यातून येते. जे माप हलतच नाही, ते १९८३ सालीच का पेटलं हे कसं सांगणार? वर्चस्वाचं माप श्रीलंकेला बसतं खरं, पण ७४ टक्के हेही तितकंच स्थिर आहे.

म्हणजे 'तक्रारीने युद्ध होत नाही' असं या पेपरने दाखवलेलं नाही. 'आम्ही ज्याला तक्रार म्हटलं त्याने युद्धाचा अंदाज येत नाही' एवढंच दाखवलंय. या दोन वाक्यांतलं अंतर ओळखता आलं की अर्धं संशोधन आलं असं समजा.

शिक्षणाचं माप आणखी मजेशीर आहे. माध्यमिक शिक्षण वाढलं की तरुणाला गमावण्यासारखं बरंच असतं, म्हणून बंड कमी, असा तर्क. श्रीलंकेत शिक्षण आसपासच्या देशांच्या तुलनेत चांगलं होतं. आणि १९७१ साली जनता विमुक्ती पेरमुनाचा उठाव केला तो शिकलेल्या पण बेकार सिंहली तरुणांनी. पुढे तमिळ गटांत गेलेल्या अनेकांच्या रागाचं मूळही विद्यापीठाच्या बंद दारात होतं. शाळेने पोरांना अपेक्षा दिली, नोकरी दिली नाही. एका देशात जे माप शांततेचं, तेच दुसऱ्या देशात ठिणगीचं असू शकतं.

आणि परदेशातल्या तमिळांचा पैसा? वाघांना तो मिळत होता यात वाद नाही. पण टोरांटो आणि लंडनमधली ती वस्ती मोठ्या प्रमाणावर तयार झाली १९८३ नंतर, युद्धातून पळालेल्या लोकांची. म्हणजे संधी ही युद्धाचं कारण कमी आणि परिणाम जास्त. ही अडचण कॉलिअर-हॉफ्लर यांनाही दिसली होती आणि त्यांनी आकडेमोडीत दुरुस्ती करायचा प्रयत्नही केलाय, हे नमूद करायला हवं. शिवाय त्यांचा मुख्य दावा युद्धानंतर पुन्हा युद्ध पेटण्याबद्दल आहे. तरी तुम्ही असं माप वापरणार असाल तर आधी तारखा लावून बघा. कारण आधी यावं लागतं.

पण थांबा, तक्रारवाल्यांचीही परीक्षा घेऊ

इथवर वाचून 'बघा, तक्रारच खरी' असं म्हणायची घाई करू नका. त्याच देशात एक असा गट आहे जो तुम्हाला गप्प करेल.

चहाच्या मळ्यांतले तमिळ. ब्रिटिशांनी भारतातून नेलेल्या मजुरांचे वंशज. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने यातल्या बहुसंख्य लोकांचं नागरिकत्वच गेलं. १९६४ च्या सिरिमाओ-शास्त्री करारात ५ लाख २५ हजार लोक भारताने घ्यायचे आणि ३ लाख लोकांना श्रीलंकेने नागरिकत्व द्यायचं असं ठरलं. दीड लाखांचा निर्णय पुढे ढकलला. त्या लोकांना विचारलं कोणी? देशातली सर्वांत गरीब वस्ती, मताचा हक्क नाही, १९७७ पासूनच्या दंगलींत मारही खाल्ला. तक्रारीची कुठलीही फूटपट्टी लावा, जाफन्याच्या मध्यमवर्गापेक्षा यांची तक्रार मोठी. तरी युद्ध जाफन्यातून उभं राहिलं, मळ्यांतून नाही.

का? संधीवाले म्हणतील, मळे डोंगराळ असले तरी चहूबाजूंनी सिंहली गावांनी वेढलेले, समुद्र दूर. जाफन्यातून पाल्कची सामुद्रधुनी ओलांडली की तमिळनाडू, आणि १९८३ नंतर तिथे भारताने या गटांना प्रशिक्षणही दिलं. हे उत्तर बरोबर आहे, पण पुरं नाही. मळेवाल्यांकडे सिलोन वर्कर्स काँग्रेस ही मोठी कामगार संघटना होती आणि तिचे नेते तोंडमान १९७८ मध्ये जयवर्धने यांच्या मंत्रिमंडळात गेले. सत्तेच्या दारात एक पाय होता. नागरिकत्वाचा प्रश्नही हळूहळू, १९८८ आणि २००३ च्या कायद्यांनी, वाटाघाटीतून सुटला.

उलट जाफन्यात काय झालं? १९७७ च्या निवडणुकीत तमिळ युनायटेड लिबरेशन फ्रंट संसदेतला मुख्य विरोधी पक्ष झाला. १९८२ मध्ये निवडणूक टाळून सार्वमताने संसदेची मुदत वाढवली. ऑगस्ट १९८३ मध्ये सहाव्या घटनादुरुस्तीने वेगळ्या राष्ट्राची मागणीच बेकायदा ठरवली, आणि त्या पक्षाच्या खासदारांना जागा सोडाव्या लागल्या. बोलणारे संपले, बंदूकवाले उरले.

या फरकाकडे नंतरच्या संशोधनाने लक्ष दिलं. लार्स-एरिक सेडरमन, आंद्रेआस विमर आणि ब्रायन मिन यांनी २०१० मध्ये प्रश्नच बदलला. देशात किती गट आहेत हे मोजण्याऐवजी कुठला गट केंद्रीय सत्तेत आहे आणि कुठला बाहेर, हे वर्षागणिक मोजलं. मग तक्रार आकड्यांत दिसू लागली: सत्तेबाहेर ठेवलेले गट, विशेषतः नुकतीच सत्ता गमावलेले, बंड करण्याची शक्यता जास्त. हे माप हलतं, आणि ते माणसाने केलेल्या निर्णयांवर हलतं.

तरी त्यालाही मर्यादा आहे. १९७१ चा उठाव सत्ताधारी सिंहली गटातल्याच तरुणांचा होता. वांशिक गट हेच एकक धरलं तर असा उठाव नजरेतून निसटतो. तो उठाव सरकारने काही आठवड्यांत मोडला, तमिळ युद्ध २६ वर्षं चाललं. मला यातून दिसतं ते असं: बंड का सुरू होतं आणि ते का टिकतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सुरुवातीसाठी वगळलं जाणं समजून घ्या, टिकण्यासाठी पैसा, सीमा आणि भूगोल. कॉलिअर-हॉफ्लर दुसऱ्या प्रश्नाची सामग्री घेऊन पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात, ही माझी त्यांच्यावरची मुख्य टीका.

मग टाळायचं कसं?

उपायांच्या प्रकरणात आपण 'संवाद, विकास, सुशासन' लिहून मोकळे होतो. श्रीलंकेत संवाद झाला होता. जुलै १९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायगम यांनी करार केला: प्रादेशिक परिषदा आणि उत्तर-पूर्वेत प्रशासनाला तमिळ भाषा. विरोधी पक्षाने त्याविरुद्ध कँडीकडे मोर्चा काढला, त्यात जयवर्धने आघाडीवर होते. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंच्या आंदोलनापुढे नमून बंडारनायके यांनी करार रद्द केला. पुढच्याच महिन्यात दंगल. १९६५ मध्ये दुसऱ्या पक्षाने तसाच करार केला, तोही अमलात आला नाही.

म्हणजे तोडगा माहीत होता. अडचण ही, की सिंहली मतांसाठी दोन मोठे पक्ष एकमेकांवर बोली चढवत होते आणि करार मोडण्याची किंमत कोणालाच पडत नव्हती. तेव्हाची निवडणूक पद्धतही याला खतपाणी घालणारी होती. १९७७ मध्ये सुमारे ५१ टक्के मतांवर एका पक्षाला १६८ पैकी १४० जागा मिळाल्या. इतकं बहुमत हातात असताना तमिळांना विचारायची गरज कोणाला?

सामुद्रधुनीच्या अलीकडे बघा. द्रमुकचीही वेगळ्या राष्ट्राची मागणी होती, ती त्यांनी १९६३ मध्ये सोडली. १९६५ मध्ये हिंदीविरोधी आंदोलन पेटलं, माणसं मेली. १९६७ मध्ये द्रमुक निवडणुकीने सत्तेत आला, आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बिगर-हिंदी राज्यांच्या संमतीशिवाय इंग्रजी हटणार नाही हे नक्की झालं. इथेही सक्ती होती, सोळाव्या घटनादुरुस्तीचा धाक होता. पण मागणी सोडणाऱ्याला राज्याची सत्ता मिळण्याचा रस्ता उघडा होता. अल्फ्रेड स्टेपन, हुआन लिंझ आणि योगेंद्र यादव यांनी २०११ च्या त्यांच्या पुस्तकात ही तुलना सविस्तर केलीय, जरूर वाचा. फक्त वाचताना एक भान ठेवा: भारतात तमिळ हे अनेक भाषिक गटांपैकी एक, श्रीलंकेत ते एका मोठ्या बहुसंख्येसमोर. शिवाय याच भारतात काश्मीर आणि नागा प्रदेशही आहेत. म्हणून 'आपल्याला जमलं, त्यांना नाही' असं लिहून छाती फुगवू नका.

या तुलनेतून उपायाची वेगळी व्याख्या मिळते. टाळणं म्हणजे तक्रार संपवणं नव्हे, ती कधीच संपत नाही. टाळणं म्हणजे तक्रार घेऊन जाणाऱ्या नेत्याला संसदेत, राज्यात, न्यायालयात काहीतरी मिळत राहणं, आणि दिलेलं परत घेणं सरकारला महाग पडणं.

मराठीत आपण अशा युद्धाला 'यादवी' म्हणतो. या शब्दात प्रभासला आपसात लढून संपलेलं कुळ आहे, शाप आहे, जणू अटळ होतं ते. विषयाचं नाव तेच राहू दे, मला तो शब्द आवडतो. पण श्रीलंकेच्या तारखा लावून बघितल्या तर १९५७, १९६५, १९७७, १९८२ अशी वळणं दिसतात, जिथे ठरावीक माणसांनी ठरावीक निर्णय घेतले आणि दुसरे घेता आले असते.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे वळा. कारणांची यादी असेल तर प्रत्येक कारणासमोर तीन गोष्टी लिहा. हे मी कशाने मोजणार, आणि ते माप काळाप्रमाणे हलतं का? हे युद्धाच्या आधी आलं की नंतर? आणि हेच सगळं असूनही जिथे युद्ध झालं नाही, असा कुठला गट किंवा प्रदेश माझ्या अभ्यासात आहे? तिसऱ्या रकान्यात एकही नाव नसेल तर गाईडकडे जाण्याआधी ते शोधा. श्रीलंकेत तो गट चहाच्या मळ्यांत राहतो. तुमच्या देशातही कुठेतरी असेल, आणि तो युद्धाच्या पुस्तकांत सापडणार नाही, कारण तिथे युद्ध झालंच नाही.